सर ओरडतात, बाबा अबोला धरतात आणि मुलगी म्हणते ‘काही नाही’

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी बारा वर्षांची, चार वर्षांपासून पोहण्याच्या स्पर्धांत उतरते. तिचे सर काठावरून सगळ्यांदेखत तिला ‘जाडी’, ‘मठ्ठ’ म्हणतात, टाइमिंग घसरलं की हातातला किकबोर्ड फेकतात. बाबा गॅलरीत स्टॉपवॉच घेऊन उभे असतात. शर्यत वाईट गेली तर घरी पोचेपर्यंत, कधीकधी दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्याशी बोलत नाहीत. पदकं येताहेत. बाकीचे पालक म्हणतात, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. गेले काही महिने मात्र सरावाच्या दिवशी सकाळी मुलगी पोट दुखतं म्हणते, आणि काय झालं विचारलं तर ‘काही नाही’ एवढंच उत्तर देते. आईला विचारायचंय: मी उगाच हळवी होते आहे का, आणि नसेन तर काय करू?

ताई, तुम्ही हळव्या नाही. खेळणारी मुलं, त्यांचे प्रशिक्षक आणि पालक यांच्यासोबत क्रीडा मानसशास्त्राचं काम मी बरीच वर्षं करते आहे. तुमच्या प्रश्नात सरांच्या ओरडण्यापेक्षाही मला जास्त खटकलं ते मुलीचं ‘काही नाही’. ओरडणं सगळ्यांना दिसतं, त्यावर चर्चा होते, कुणीतरी नाराजीही दाखवतं. पण चुकीला उत्तर म्हणून अपमानच मिळत राहिला की मूल फार पटकन लपवायला शिकतं. आधी चूक लपवतं, मग दुखणं, मग भीती. ही सवय एकदा अंगवळणी पडली की खरोखर सांगायलाच हवं असं काही घडतं त्या दिवशीही ते मूल ‘काही नाही’ म्हणतं. खेळातल्या ज्या प्रकरणांनी पुढे कोर्टाची पायरी पाहिली, त्यातल्या अनेकांत मागे जाऊन बघा; सुरुवातीला अशीच न सांगण्याची शिकवण दिसते.

ती शिकवण अगदी साध्या प्रसंगांतून मिळते. भिंतीला हात लागल्यावर पोहणारं मूल घड्याळाकडे बघतं. घाबरलेलं मूल आधी सरांच्या चेहऱ्याकडे बघतं. फुटबॉलमध्ये पास चुकला की मान मैदानाबाहेर वळते, बॅडमिंटनमध्ये शटल नेटमध्ये गेलं की नजर गॅलरीत जाते, आणि तेवढ्या वेळात खेळ पुढे गेलेला असतो. पुढच्या वेळी सरावाला गेलात तर बाकी काही बघू नका, चूक झाल्यावर मुलीचे डोळे कुठे जातात तेवढं बघा. मला नव्या क्लबमध्ये बोलावतात तेव्हा पहिला तासभर मी हेच करते.

दुसरी खूण उशिरा लक्षात येते: मूल नवं काही करून बघणं सोडतं. टर्न बदलायचा, हाताचा कोन सुधारायचा, दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिकायचं, तर सुरुवातीचे काही आठवडे टाइमिंग बिघडतंच. शरीर जुनी सवय मोडून नवी बसवत असतं. ज्या मुलीला प्रत्येक लॅपनंतर बोलणी खायची आहेत तिला हे मंद आठवडे परवडत नाहीत. सरांची पाठ फिरली की ती जुन्याच पद्धतीवर जाते, सदोष असली तरी आज थोडी वेगवान असते म्हणून. बाराव्या वर्षी त्यावर पदक मिळून जातं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी सगळ्यांच्याच अंगात ताकद येते, तेव्हा कच्चं तंत्र उघडं पडतं, आणि तेच सर म्हणतात, ‘हिच्यात आता पूर्वीची जिद्द राहिली नाही.’ म्हणजे ओरडण्याची किंमत ओरडण्याच्या वेळी दिसतच नाही. ती तीन-चार वर्षांनी मुलीच्या नावावर टाकली जाते.

शर्यतीच्या दिवशी याच्यात आणखी भर पडते. दबावाखाली हातखंडा असलेली गोष्टही का बिघडते, यावर रॉय बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. आपण ही हालचाल कशी करतोय याकडेच लक्ष वळलं की आपोआप जमणारी गोष्ट अडखळते, असं त्यांनी दाखवलं. ज्या मुलीच्या डोक्यात ‘आता सर काय म्हणतील’ आणि ‘बाबा घरी जाताना बोलतील का’ हे दोन प्रश्न आहेत, तिच्याकडून शांत, मोकळं पोहणं होईल कसं?

आता ‘जाडी’ या शब्दाबद्दल. तुम्ही तो यादीतला एक शब्द म्हणून लिहिलात, पण माझ्या मते तुमच्या सगळ्या हकिगतीत सगळ्यात घातक तोच आहे. बारा वर्षांच्या मुलीचं शरीर वयात येण्याच्या टप्प्यावर असतं. या काळात वजन वाढतं, शरीरातल्या चरबीचं प्रमाण वाढतं, आणि ते वाढायलाच हवं; पाळी नीट सुरू होणं आणि हाडं भरणं त्यावर अवलंबून असतं. याच दिवसांत अनेक मुलींचं टाइमिंग काही काळ एका जागी अडकतं. ज्याला हे माहीत आहे तो प्रशिक्षक तंत्रावर काम करत थांबतो. ज्याला माहीत नाही तो वजनावर बोट ठेवतो. मग मुलगी डबा अर्धा परत आणायला लागते आणि त्याबद्दलही ‘भूक नव्हती’ म्हणते. अपुऱ्या खाण्यावर जास्त व्यायाम झाला की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, आजारपणं वाढतात, मन खचतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या एकत्रित अवस्थेला अधिकृत नाव दिलं आणि ती स्त्री-पुरुष दोघांतही होते हे स्पष्ट केलं.

याचं ठळक उदाहरण अमेरिकेची धावपटू मेरी केन. २०१३ मध्ये सतराव्या वर्षी ती जागतिक मैदानी स्पर्धेत उतरली, त्या देशाकडून इतक्या लहान वयात तिथे कुणी धावलं नव्हतं. ती अल्बर्टो सालाझार या नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली होती. २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की तिथे तिच्यावर सतत वजन कमी करण्याचा दबाव होता, सहकाऱ्यांसमोर वजन करून अपमान केला जायचा, तीन वर्षं पाळी आली नाही आणि पाच हाडं मोडली. सालाझार यांनी आरोप नाकारले. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेच्या खेळाडू-सुरक्षा केंद्राने त्यांच्यावर आजीवन बंदी घातली. एवढी गुणी मुलगी, जगातल्या उत्तम सोयी हाताशी, आणि वेग वाढायच्या वयात तो घसरत गेला.

पोटदुखीचं आत्ताच सांगून टाकते. ती नाटक करत नाही. भीतीने आतडी खरोखर आवळली जातात, पोट खरोखर दुखतं. डॉक्टरांना दाखवा, शारीरिक कारण नाही ना याची खात्री करून घ्या, आणि कॅलेंडरवर फक्त खूण करत जा: दुखतं तो दिवस सरावाचा होता की सुट्टीचा. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट होईल. तिला मात्र ‘सुट्टीच्या दिवशी बरं दुखत नाही’ असं चुकूनही म्हणू नका.

‘पण पदकं येताहेत ना?’ हा बाकीच्या पालकांचा मुद्दा. टाकीच्या घावांची म्हण मलाही पाठ आहे. अडचण अशी की आपण देव झालेले दगडच देवळात बघतो. घाव घालताना फुटलेले दगड खाणीतच पडून राहतात, ते कुणी मोजत नाही. खेळात ते मोजायचा एक चांगला प्रयत्न झाला होता. वॉशिंग्टन विद्यापीठातले रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी सत्तरच्या दशकापासून लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांचं काठावरचं वागणं टिपायला सुरुवात केली. त्यातून त्यांनी अडीच तासांचा एक वर्ग तयार केला: चूक झाल्यावर आधी धीर द्यायचा, मग सुधारणा सांगायची, प्रयत्नाची दखल घ्यायची, शिक्षा आणि टोमणे टाळायचे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्ग न केलेल्या प्रशिक्षकांची २६ टक्के मुलं पुढच्या हंगामात परत आली नाहीत. वर्ग केलेल्यांकडची न आलेली मुलं होती ५ टक्के. आणि दोन्ही गटांच्या संघांच्या हार-जितीत फरक नव्हता. म्हणजे गोड बोलल्यामुळे संघ हरले नाहीत. फक्त मुलं टिकली. अडीच तासांत एवढा फरक पडत असेल तर ‘माझा स्वभावच असा आहे’ हे प्रशिक्षकाचं म्हणणं मी मान्य करत नाही.

नॉर्वेचं उदाहरणही या वादात कामाला येतं. तिथल्या क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये मुलांच्या खेळासाठी नियम केले, २००७ मध्ये ते सुधारले. अकरा वर्षांखालच्या मुलांच्या निकालांच्या याद्या आणि क्रमवारी लावायची नाही, तेरा वर्षांखालच्या मुलांना राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत उतरवायचं नाही. लोकसंख्या साधारण ५४ लाख. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी १६ सुवर्णपदकं मिळवली, तोवर एका हिवाळी ऑलिंपिकमध्ये कुठल्याही देशाने इतकी मिळवली नव्हती. नियमांमुळेच पदकं आली असं मी म्हणणार नाही. बर्फ आहे, पैसा आहे, परंपरा आहे. पण मुलांना लहानपणी मोकळं सोडलं तर ती मोठेपणी मऊ पडतात, या समजुतीला एवढं उत्तर पुरे आहे.

आणि ज्यांनी घाव सोसून खरोखर यश मिळवलं, त्यांना विचारा. टेनिसपटू येलेना डॉकिच २००० साली सतराव्या वर्षी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचली. तिने नंतर आत्मचरित्रात लिहिलं आहे की त्या सामन्यात हरल्यावर वडिलांनी तिला हॉटेलवर यायला मनाई केली आणि ती रात्री खेळाडूंच्या विश्रांतिकक्षात झोपायच्या तयारीत सापडली. जगातल्या पहिल्या चारांपैकी एक होणं अजून बाकी होतं, पण घरी जायची सोय नव्हती. लहानपणापासूनची मारहाणही तिने त्याच आत्मचरित्रात सांगितली, २०१७ मध्ये. वडील तिच्यासोबत स्पर्धांना यायचे त्या वर्षांत त्यांचा आरडाओरडा जगाने टीव्हीवर पाहिला आणि ‘वल्ली माणूस’ म्हणून हसण्यावारी नेला. दुसरं उदाहरण मेरी पियर्सचं. तिच्या वडिलांचं प्रेक्षागृहातलं वर्तन इतकं हाताबाहेर गेलं की १९९३ मध्ये महिला टेनिसच्या संघटनेने त्यांना स्पर्धांत यायला बंदी केली. तिने १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि २००० मध्ये फ्रेंच ओपन. दोन्ही विजेतेपदं त्या बंदीनंतरची.

इथपर्यंत चूक, दुखणं आणि भीती लपवण्याबद्दल बोलले. पुढचा भाग वाचायला जड आहे, पण तुम्ही तो वाचायला हवा.

अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने वर्षानुवर्षं उपचाराच्या नावाखाली मुलींवर लैंगिक अत्याचार केले. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक जणींनी कोर्टासमोर आपलं म्हणणं मांडलं, त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. बातम्यांत आकडे आले; माझ्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं दुसरंच आहे. राष्ट्रीय सराव शिबिरात प्रशिक्षण अतिशय कठोर होतं, खाण्यावर कडक नजर होती, तक्रार करणारी मुलगी संघातून जाईल ही भीती होती. अशा ठिकाणी हा डॉक्टर मुलींना लपवून खाऊ द्यायचा, हसून बोलायचा, प्रशिक्षकांबद्दल त्यांच्या बाजूने कुजबुजायचा. त्या जागेत मायेने वागणारा मोठा माणूस तोच एक होता, असं अनेकींनी सांगितलं. काही वेळा तर आई किंवा वडील त्याच खोलीत होते आणि त्यांना काही कळलं नाही. कठोर प्रशिक्षक स्वतः तसला गुन्हा करेलच असं नाही, बहुतेक करत नाहीत. पण तो मुलांना प्रेमाच्या दोन शब्दांसाठी भुकेलं ठेवतो आणि तक्रार न करण्याची सवय लावतो. ज्याचा हेतू वाईट आहे त्याला याहून सोयीची जागा मिळणार नाही.

ब्रिटनमध्ये जिम्नॅस्टिक्समधल्या तक्रारींवर ॲन व्हाइट यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल जून २०२२ मध्ये आला. चारशेहून अधिक लोकांनी माहिती दिली होती. त्यात पाणी, जेवण, शौचालयाला जाणं नाकारल्याची, दुखापतीवर सराव करायला लावल्याची, वजनावरून छळल्याची वर्णनं आहेत. माहिती देणारे स्वतःहून पुढे आले होते, त्यामुळे त्यावरून सगळ्या खेळाची टक्केवारी काढता येत नाही. तरीही ती वर्णनं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: आसपासच्या मोठ्यांना बरंच दिसत होतं.

आणि सांगूनही कुणी ऐकलं नाही तर काय होतं, हे दक्षिण कोरियाच्या चोई सुक-ह्यॉन या ट्रायथलॉनपटूच्या बाबतीत जगाने पाहिलं. प्रशिक्षक आणि संघातल्या इतरांकडून होणाऱ्या मारहाणीची तिने एकाहून अधिक यंत्रणांकडे तक्रार केली होती, ध्वनिमुद्रणही केलं होतं. वेळेवर कुणी हललं नाही. जून २०२० मध्ये, बाविसाव्या वर्षी, तिने जीवन संपवलं. प्रशिक्षकाला २०२१ मध्ये सात वर्षांची कैद झाली. तिने सगळं सांगितलं होतं. तुमच्या मुलीने तोंड उघडलं त्या दिवशी तुम्ही काय करता यावर पुढचं सगळं ठरेल, म्हणून हे लिहिलं.

आता बाबांकडे येऊ. ओरडणारा बाप वाईट आणि गप्प बसणारा निदान संयमी, असं आपण समजतो. मुलांच्या बाजूने पाहिलं तर अबोला जास्त लागतो. ओरडण्यात निदान काय चुकलं ते कळतं. अबोल्यात मुलीला एवढंच कळतं की आजच्या टाइमिंगमुळे मी बाबांना नकोशी झाले. मुलांना खेळातल्या वाईट आठवणी विचारल्या तर पराभवापेक्षा परतीच्या प्रवासाबद्दल ती जास्त बोलतात, हा माझाच नव्हे, या क्षेत्रातल्या बहुतेकांचा अनुभव आहे. मूल दमलेलं असतं, निराश असतं, आणि त्या बंद गाडीतून उतरूनही जाता येत नाही.

बाबांना खलनायक ठरवून मात्र काही साधणार नाही. युटा राज्य विद्यापीठातल्या ट्रॅव्हिस डॉर्श आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की घरच्या उत्पन्नाचा जितका मोठा वाटा मुलाच्या खेळावर खर्च होतो, तितका मुलाला दबाव जास्त वाटतो आणि खेळाचा आनंद कमी होतो. म्हणजे जे पालक जास्त झिजतात, तेच नकळत जास्त दाबतात. पहाटे उठून मुलीला सोडणं, सुट्ट्या तिच्या स्पर्धांत घालवणं, स्वतःचे खर्च मागे टाकणं. मग स्टॉपवॉचवरचा प्रत्येक शतांश सेकंद आपल्या त्यागाची पावती वाटायला लागतो. हे त्यांना आरोप म्हणून ऐकवू नका. ‘तुम्ही तिच्यासाठी किती करता ते मला दिसतं, तिला मात्र ते ओझं वाटायला लागलंय’ असं सांगितलंत तर ते ऐकतील अशी शक्यता आहे. त्यांनी दोनच गोष्टी कराव्यात. स्टॉपवॉच घरी ठेवायचं, आणि शर्यतीनंतर खेळाचा विषय मुलीने काढला तरच बोलायचं. सुरुवातीला त्यांना फार रिकामं रिकामं वाटेल.

पालक किती टोकाला जाऊ शकतात याची उदाहरणं मी कार्यशाळेत मुद्दाम सांगते, कारण ऐकणारा प्रत्येक जण आधी ‘मी नाही तसा’ म्हणतो आणि मग गप्प होतो. २००० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मुलांच्या आइस हॉकीच्या सरावात धसमुसळेपणा होतोय यावरून दोन बापांची जुंपली. एकाने दुसऱ्याला इतकं मारलं की तो दगावला, तेही मुलांसमोर. भांडण मुळात मुलांनी दांडगाई करू नये यावरून होतं. फ्रान्समध्ये एका निवृत्त सैनिकाने आपल्या टेनिस खेळणाऱ्या मुलामुलीच्या प्रतिस्पर्ध्यांच्या पाण्यात गुंगीचं औषध मिसळलं. त्यातला एक तरुण खेळाडू २००३ मध्ये सामन्यानंतर गाडी चालवताना झोप लागून मेला, आणि २००६ मध्ये त्या बापाला आठ वर्षांची शिक्षा झाली. रोजच्या पातळीवर याचं रूप साधं असतं: पंचाला शिव्या. अमेरिकेतल्या क्रीडा पंचांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये सतरा हजारांहून अधिक पंचांना विचारलं की असभ्य वागण्याचा सगळ्यात जास्त त्रास कोण देतं. सुमारे ३९ टक्क्यांनी पालकांचं नाव घेतलं, प्रशिक्षकांचं सुमारे ३० टक्क्यांनी. खेळाडू शेवटच्या क्रमांकांत होते.

सरांबद्दलही न्यायाने बोलायला हवं. बहुतेक प्रशिक्षक ज्या पद्धतीने स्वतः घडले तीच पुढे चालवतात. त्यांची नोकरी कच्ची असते आणि दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या पदकांवर ती ठरते. ती पदकं मागतं कोण? आपणच. प्रवेश घेताना ‘मागच्या वर्षी किती पदकं आली’ हे विचारणारे पालक मी रोज बघते; ‘मागच्या वर्षी किती मुलं सोडून गेली’ हे विचारणारा क्वचित भेटतो. मग जो प्रशिक्षक जास्त ओरडतो तो ‘कडक’ म्हणून नावाजला जातो, त्याच्याकडे रांग लागते, आणि मुलांचा तोंड दाबून बुक्क्यांचा मार सुरू राहतो.

कडक आणि क्रूर यांत फरक कसा करायचा, हे मला सतत विचारलं जातं. आवाजाच्या पट्टीवरून ते ठरत नाही. काही उत्तम प्रशिक्षक मोठ्याने बोलतात, पूलवर तर बोलावंच लागतं. आणि मी पाहिलेले काही अत्यंत विषारी प्रशिक्षक कधी आवाज चढवत नसत. बोट कशावर ठेवलं जातं ते बघा. ‘कोपर खाली पडतंय, उचल’ हे कडक आहे, ‘तुला अक्कलच नाही’ यात सुधारण्यासारखं काही दिलेलंच नाही. नियम सगळ्यांना सारखे आहेत का, की आवडत्या मुलाला सूट आणि नावडत्याला शिक्षा? आज जे चाललं त्यालाच उद्या मार पडतो का? राग कधी येईल याचा अंदाज नसला की मुलं खेळ शिकायचं सोडून सरांचा मूड वाचायला शिकतात. दोन दिवस अपमान आणि तिसऱ्या दिवशी भरभरून कौतुक करणाऱ्यांपासून जास्त सावध राहा. त्या तिसऱ्या दिवसासाठी मूल वाटेल ते सहन करतं. आणि सगळ्यात खात्रीची कसोटी: मुलाने ‘खांदा दुखतोय’ म्हटलं की पुढे काय होतं? चांगला प्रशिक्षक, कितीही कडक असो, तिथे थांबतो.

आता करायचं काय ते.

आधी मुलीशी, आणि तिला प्रश्नांच्या फैरीत न धरता. ‘सर त्रास देतात का’ असं थेट विचारलंत तर ‘काही नाही’च येईल. शेजारी बसून काहीतरी काम करता करता ‘आज पूलवर सगळ्यात कंटाळवाणं काय होतं’ असं विचारा, उत्तर आलं की लगेच उपाय सांगू नका. ती बोलली तर तीन वाक्यं पुरेत: सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, तुला विचारल्याशिवाय मी सरांशी बोलणार नाही. तिसरं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण बहुतेक मुलं सांगत नाहीत ती आई उद्या पूलवर जाऊन भांडेल या भीतीने. मात्र स्पर्श, मारहाण किंवा एकांतात बोलावणं असं काही तिच्या तोंडून आलं तर हे वचन देऊ नका; ‘हे मला तुझ्या सुरक्षिततेसाठी कुणाला तरी सांगावं लागेल’ असं प्रामाणिकपणे म्हणा.

मग नोंदी. तारीख, शब्द जसेच्या तसे, कोण हजर होतं. ‘सर फार वाईट बोलतात’ यावर कुठलाही क्लब हलत नाही; ‘अमुक तारखेला रिलेच्या सरावानंतर सहा मुलांसमोर जाडी म्हणाले’ हे झटकता येत नाही.

मुलीला विचारून सरांशी एकदा बोला, शर्यतीच्या किंवा सरावाच्या लगेच नंतर नाही, दुसऱ्या दिवशी, वेळ ठरवून. मुलगी, इतर पालक, दुसरी मुलं समोर नकोत. सुरुवात ‘तुम्ही’ने करू नका. ‘ती गेले काही महिने सरावाच्या दिवशी आजारी पडते आहे. वजनाबद्दल तिच्याशी बोलणं पूर्ण बंद व्हावं अशी माझी विनंती आहे, आणि तंत्राबद्दल तुम्ही कितीही कडक राहा.’ इतकं नेमकं. खरा शिक्षक इथे क्षणभर ओशाळतो आणि प्रश्न विचारतो: कधीपासून, खाते का नीट, झोपते का. मला असे प्रशिक्षक भेटलेत, बदललेलेही पाहिलेत. उलट ‘मग न्या तिला दुसरीकडे’ असं उत्तर आलं तर तुमचा निर्णय त्यांनीच सोपा केला.

काही गोष्टींत मात्र बोलणीच करायची नाहीत, थेट लेखी तक्रार: मारणं, पाणी किंवा खाणं नाकारणं, दुखापतीवर जबरदस्तीने पोहायला लावणं, मुलीला रात्री-अपरात्री खासगी मेसेज, बंद खोलीत एकटीला बोलावणं, पालकांना सराव बघायला कायमची बंदी. क्लबच्या समितीकडे, खेळाच्या संघटनेकडे, आणि शरीराला हात लागला असेल तर पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणेकडे. आधी संघटनेची चौकशी होऊ दे मग पोलिसांत जा, असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

इतर पालकांना सोबत घ्यायचा प्रयत्न करा, पण त्यावर अडून राहू नका. निवड तोंडावर असताना एकेकटे सगळे तुमच्याशी सहमत होतील आणि बैठकीत कुणी बोलणार नाही. निवड प्रशिक्षकाच्या हातात असते, म्हणून आपल्या मुलावर राग निघेल ही त्यांची भीती अगदीच खोटी नाही. एक सोपा मार्ग क्लबला सुचवता येईल. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत मुलींच्या फुटबॉलमध्ये एक रविवार असा ठेवला की पालक आणि प्रशिक्षकांनी काठावरून एक शब्दही बोलायचा नाही. नंतर अनेक ठिकाणी हा प्रयोग झाला. एका दिवसाने कुणी सुधारत नाही, पण एरवी आपण किती बोलतो ते त्या दिवशी कळतं, आणि मुलं एकमेकांना हाका मारून खेळायला लागतात हेही.

क्लब बदलायचा झाला तर नव्या ठिकाणी पदकांची भिंत बघू नका. तीन गोष्टी विचारा: चौदाव्या-पंधराव्या वर्षापर्यंत किती मुलं टिकतात, दुखापत झाली तर निर्णय कोण घेतं, आणि मी सराव कधीही बघायला येऊ का. मग एक सराव शांतपणे बघा. मुलं आपापसांत हसतात का, सरांना उलट प्रश्न विचारतात का. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अमांडा व्हिसेक यांच्या गटाने फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना खेळात मजा कशामुळे येते ते विचारलं, तेव्हा ८१ कारणं निघाली. जीव तोडून प्रयत्न करणं, प्रशिक्षकाने आदराने वागणं, खेळायला मिळणं ही वरची. जिंकणं पहिल्या तिसांतही नव्हतं.

राहिली एक शक्यता, जी तुम्ही विचारली नाही पण मनात असेल: ती म्हणाली, आता पोहायचंच नाही, तर? मग सध्या नाही. क्लब बदलल्यावर विचारू, असं सांगा आणि खरंच काही महिने विचारू नका. अशी मुलं कधी त्याच खेळात परततात, कधी दुसऱ्या खेळात जातात, कधी कुठेच जात नाहीत. बाबांना ही गोष्ट आधीच सांगून ठेवा. आणि वर्षाची फी भरून झाली आहे हा मुद्दा त्या बोलण्यात दोघांपैकी कुणीही काढू नका.